दोघांची जीप

जीप आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ही गोष्ट सगळ्यांच्या डोक्यातून निघून गेली, आणि काही काळ माझ्याही.

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडला शिकवतो. राहायला गोंदियाजवळच्या कुडव्याला. माझ्या मित्राची गोंदियात राइस मिल आहे, वडिलांच्या वेळेपासूनची. अकरावीत आम्ही एका बाकावर बसलो आणि तिथून पुढे जवळजवळ पंचवीस वर्षं आमचं एकमेकांशिवाय पान हललं नाही. त्याच्या लग्नात मी नाचलो, माझ्या लग्नात तो विहारात पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता. आम्ही बौद्ध. तो गावाकडे मोठी धानशेती असलेल्या घरातला. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्यावर कधी बोलत नव्हतो. जे बोलायची गरज पडत नाही ते संपलेलंच असतं, असं मला वाटायचं.

जीप त्यालाच सापडली. एका शनिवारी दुपारी फोन आला.

"बे, काय करून राहिला? देवरीकडे एका ठेकेदाराजवळ फोर बाय फोर जीप पडून हाये. उद्या चल. तू पाह्यल्याशिवाय मी हात नाई लावत."

दुसऱ्या दिवशी गेलो. गाडी मोहाच्या झाडाखाली उभी होती. हूडची ताडपत्री फाटून लोंबत होती आणि मागच्या सीटच्या फोममध्ये कोंबडीनं अंडी घातली होती. मित्र रंग बघत होता, आरशात डोकावत होता. मी जमिनीवर पोतं टाकलं आणि गाडीखाली सरकलो. जुनी गाडी घ्यायची तर आधी तिच्या पोटाकडे बघावं, वरचा पत्रा कसाही बदलता येतो. चॅसिस सरळ होती, कुठे वेल्डिंगचं ठिगळ नव्हतं. गिअरबॉक्समधून थोडं तेल गळत होतं. स्टिअरिंग चार बोटं फिरवल्यावर चाकाला खबर लागत होती. चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा गंजून बसला होता, पण तेल सोडून दहा मिनिटं हलवल्यावर तो खटकन आत गेला. त्या आवाजानं मी खालीच हसलो.

"घे," मी म्हणालो.

पैसे निम्मे-निम्मे घातले, पण कागदपत्रं त्याच्या एकट्याच्या नावावर झाली. दोन नावं टाकली की पुढे भानगड होते, असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. गाडी मिलच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली.

मग सहा-सात महिने माझे सगळे रविवार त्या शेडमध्ये गेले. सकाळी पोहे खाऊन मी स्कूटरवर निघायचो आणि ऊन उतरल्यावर परतायचो. ते दिवस आठवले की आजही आधी आनंदच होतो, कडवटपणा मागून येतो. हे मला लपवायचं नाही.

पहिल्याच रविवारी आमचं वाजलं. त्यानं फोनवर बघून यादी केली होती. छतावर दिव्यांची पट्टी, बोनेटच्या बाजूनं वर जाणारा हवेचा पाइप, दीडपट मोठे टायर, पुढे लोखंडी जंगला.

"दिव्यांची पट्टी कायले पाह्यजे?" मी विचारलं. "गाडी थांबत नाई हे लांबून दिसाले?"

"म्हणजे?"

"ब्रेकचे पाइप सडले हायेत. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग टायर, मग सीट. तुया दिव्याचं दिवाळीले पाहू."

तो दहा मिनिटं रुसला, मग स्वतःच हसत सुटला. "तू म्हणशील तसं," म्हणाला. त्याचा हा स्वभाव मला आवडायचा. हट्ट सोडताना त्याला कमीपणा वाटत नसे.

मग काम लागलं. ब्रेकचे पाइप आणि रबरं नवी टाकली. स्टिअरिंगचे जोड बदलले. गाडी रस्त्यावर इतकी आदळायची की मणके मोजता यावेत. कारण शोधलं तर ठेकेदारानं सळाखी वाहायला चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या गठ्ठ्यात एक पाटा जास्तीचा कसला होता. तो काढला, पाट्यांचे झिजलेले बुश बदलले, आणि गाडी एकदम माणसात आली. मित्राला कंबरेचा त्रास होता. पहिल्यांदा खड्ड्यातून नेल्यावर त्यानं गाडी थांबवून माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही जादू केली.

सीट आम्ही भंगारवाल्याकडून आणल्या. एका अपघातातल्या कारच्या पुढच्या दोन सीट, जवळजवळ नव्या. त्यांचे पाय जीपच्या तळाशी जुळत नव्हते, म्हणून लोखंडी अँगल कापून मी चौकटी तयार केल्या, आणि त्या चौकटींना सीटबेल्ट पक्के केले. मागे लाकडी फळीवर जाड फोम आणि रेक्झिन. इंजिनची धग पायाला लागायची. त्यावर उपाय मिलमध्येच सापडला. धान वर चढवणाऱ्या मशीनचा जुना रबरी पट्टा कोपऱ्यात गुंडाळून पडला होता. तो कापून मी खाली अंथरला. धगही गेली आणि अर्धा खडखडाटही.

टायर मूळ मापाचेच घेतले, फक्त चिखलात धरणाऱ्या नक्षीचे. पुढे-मागे ओढायचे हुक लावले आणि ते बंपरला न लावता थेट चॅसिसला बोल्ट मारून बसवले, कारण बंपरला लावलेला हुक जोर आला की बंपरसकट उपटतो. जॅकखाली ठेवायला सागाची जाड फळी, एक चांगला दोर, फावडं, बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप. आणि वायरिंग. ते तर माझं स्वतःचं. जुनं सगळं उपसून फेकलं, नवीन ओढलं, प्रत्येक लाइनला वेगळा फ्यूज दिला. आयटीआयमध्ये पोरांना दाखवावं इतकं स्वच्छ काम मी आयुष्यात फार कमी वेळा केलं आहे.

मित्रही नुसता बसून राहायचा नाही. हात काळे करायचा, पाने चुकीचे द्यायचा, मी ओरडायचो. दुपारी त्याची बायको दोघांचे डबे एकाच पिशवीत पाठवायची. शेडमध्ये पोत्यावर बसून आम्ही एकमेकांच्या डब्यात हात घालून खायचो. मिलमध्ये हे दर रविवारी शंभर माणसं बघत होती. कुणाला काही वाटत नव्हतं. मला तर नाहीच नाही.

दिवाळीनंतर गाडी तयार झाली. माझ्या बायकोला मी तिच्या माहेरी जीपमधून नेलं. शेवटचे तीन कोस कच्चा रस्ता. उतरल्यावर ती म्हणाली, "पाठ नाई दुखली जी. बसपेक्षा बरी हाये." तिच्या तोंडून हे कौतुकच होतं.

त्याच सुमारास मित्र जीपवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये गेला. गोंदिया, भंडारा, बालाघाट, नागपूर अशी कुठली कुठली मंडळी. बहुतेक धंदेवाले, एक-दोन डॉक्टर. जानेवारीतल्या एका रविवारी सगळ्यांनी इटियाडोह धरणावर जमायचं ठरलं. मित्राचं गाव धरणाच्या कालव्याखालीच आहे. तिथे त्याचे काका राहतात, शेती तेच बघतात. दुपारचं जेवण काकांकडे, असं त्यानं ग्रुपवर जाहीर करून टाकलं.

"तू पाह्यजेच," मला म्हणाला. "गाडी तुयी हाये."

बायकोनं निळा शर्ट इस्त्री करून दिला. मला येता येईल का, असं तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, सगळे पुरुषच आहेत, तुला कंटाळा येईल.

पहाटे निघालो. गाडी तो चालवत होता. एरवी तो स्टिअरिंगवर बसला की गाणं म्हणतो, त्या दिवशी गप्प होता. अर्जुनीच्या अलीकडे एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि "थंडी लई हाये" एवढंच बोलला. मला वाटलं, मोठ्या मोठ्या गाड्या येणार म्हणून दडपण आलं असेल.

कालव्याच्या पुलाजवळ दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. नव्या कोऱ्या, रंगीत, काहींच्या टपावर तंबू. आमची जीप त्यांच्यात जुन्या माणसासारखी दिसत होती, पण लोक तिच्याचभोवती जमले. नागपूरचा एक उंच माणूस होता, हातात कातडी मोजे घातलेला. त्यानं गुडघ्यावर बसून खाली पाहिलं, हुक हलवून पाहिले, बोनेट उघडायला लावलं. वायरिंग बघून त्यानं शिटी मारली.

"किसने किया है भाई ये काम?"

मित्रानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ये अपना मिस्त्री है. सब इसी ने किया."

मी हसलो. खरंच हसलो. मित्र चेष्टा करतोय असं समजून मी हातही जोडले, नाटकातल्यासारखे.

"वा, मिस्त्री!" मोजेवाला म्हणाला. "जरा हमारी भी देख ले. राइट मारने पर कट-कट करती है."

मी त्याच्या गाडीखाली गेलो. मग बालाघाटवाल्याच्या. मग एका डॉक्टरचा फॅन बेल्ट ढिला होता. प्रत्येक वेळी वाटत होतं, आता मित्र म्हणेल, अरे चेष्टा केली, हा माझा दोस्त आहे, गाडीचा अर्धा मालक आहे. तो तिकडे चहाचे कप वाटत होता. माझ्या निळ्या शर्टाच्या कोपरावर ग्रीस लागलं होतं. नाव मला कुणी विचारलं नाही. हाक मारायला एक शब्द मिळाल्यावर नाव कशाला लागतं!

मिस्त्री म्हणवून घेण्यात मला कमीपणा नाही. माझा मामा मिस्त्री होता, त्याच्या हाताखालीच मी पाना धरायला शिकलो. मी स्वतः मिस्त्रीच घडवतो. पण तो शब्द मित्रानं ज्या आवाजात उच्चारला होता, तो आवाज मी त्याच्याकडून आधी कधी ऐकला नव्हता.

निघायच्या वेळी मोजेवाला आपली गाडी ड्रायव्हरकडे देऊन आमच्या गाडीत पुढे बसला. त्याला चालवून बघायची होती म्हणे, थोड्या वेळानं. मित्रानं माझ्याकडे न बघता मागच्या बाजूला हात केला. मी मागे चढलो. पाना-पेटी पायाशी घेऊन बसलो.

कालव्याच्या पाळीवरून, कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांमधून गाड्या धरणाच्या काठाला गेल्या. पाणी मागे हटून जी जमीन उघडी पडते ती वरून वाळलेली दिसते आणि खाली लोण्यासारखी असते. मी मागून ओरडलो, "तिकडून नको घेऊ, उजवीकडून घे!" मोजेवाला म्हणाला, "जाने दो भाई, फोर बाय फोर किस लिए है." मित्रानं गाडी सरळ घातली. वीस-पंचवीस फूट गेली आणि पोटावर बसली.

त्यानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरून अजून खाली गेली. सगळे गोळा झाले, प्रत्येकाचा वेगळा सल्ला. मित्राच्या चेहऱ्यावर घाम होता. तो वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्त्री, पाह्य बे जरा."

मी उतरलो. गुडघ्यापर्यंत चिखल. त्याला म्हटलं, आधी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढ. मग चाकांमागची माती फावड्यानं उपसली, चारही टायरमधली हवा अर्ध्याहून कमी केली. बालाघाटवाल्याची गाडी मागे कडक जमिनीवर घ्यायला लावली. दोर हुकात अडकवला आणि त्यावर ओलं पोतं टाकलं. दोर तुटला तर चाबकासारखा येतो आणि माणूस कापतो, पोतं असलं की त्याचा जोर मरतो. सगळ्यांना लांब उभं केलं. मित्राला लो गिअरमध्ये रिव्हर्स टाकायला सांगितलं आणि हात वर केला. गाडी पहिल्याच ओढीला बाहेर आली, चिखलाचा मोठा आवाज करत.

टाळ्या झाल्या. मोजेवाल्यानं मित्राला मिठी मारली. "क्या गाडी बनाई है यार!" सगळे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. मी पंप लावून एकेका टायरमध्ये हवा भरत बसलो. चार टायर भरायला बराच वेळ लागतो. तोवर बाकीच्या गाड्या गावाकडे निघून गेल्या होत्या.

काकांच्या घरी अंगणात मांडव घातला होता. वांग्याची भाजी, वरण, तेलात तळलेले वडे यांचा वास दारापर्यंत येत होता. मी हातपंपावर पाय धुतले, शर्टाची बाही आत दुमडली आणि इतरांसारखा ओसरीकडे निघालो. मित्र घाईघाईनं आडवा आला. मला गोठ्याच्या बाजूला घेऊन गेला.

"तू तिकडं ड्रायव्हर लोकाईसंग बस ना."

"काऊन?"

"काकाले मी सांगून ठेवलं हाये, सोबत मिस्त्री येऊन राहिला म्हणून."

"काऊन पण?"

त्यानं गोठ्याकडे पाहिलं. "काकाचं तुले मालूमच हाये."

"मले कसं मालूम राहीन? मी पहिल्यांदाच आलो हाये इथं."

हे मी वाद घालायला म्हटलं नव्हतं. जे खरं ते तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर माझं मलाच ऐकू आलं. पंचवीस वर्षं. त्याच्या गावचे आंबे माझ्या घरी यायचे, नवे तांदूळ यायचे. गावाला चल, असं तो एकदाही म्हणाला नव्हता. मला ते कधी खटकलंही नव्हतं.

"एक दिवसाची गोष्ट हाये यार," तो म्हणाला. "पाहुणे हायेत. मले तमाशा नाई पाह्यजे."

"आणि काकानं नाव विचारलं त?"

"मिस्त्रीले नाव कोण विचारते?"

तेव्हा मला कळलं की सकाळची चेष्टा ही चेष्टा नव्हती. अर्जुनीच्या अलीकडे तो हेच सांगणार होता. त्याला जमलं नाही, म्हणून पुलाजवळ सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यानं ते करून टाकलं. आणि मी हसून हात जोडले होते.

मी तिथूनच निघायला हवं होतं. निघालो नाही. चिंचेखाली दोन ड्रायव्हर पत्रावळी घेऊन बसले होते, त्यांच्याजवळ जाऊन बसलो. दोघंही भले होते. एकानं सरकून जागा दिली, दुसऱ्यानं स्वतःच्या डब्यातलं लोणचं वाढलं. आणि मी जेवलो. भूक लागली होती. भात दोनदा घेतला. ओसरीवरून हसण्याचा आवाज येत होता, त्यात मित्राचा आवाज मला वेगळा ओळखू येत होता.

जेवणं झाल्यावर काका स्वतः चिंचेखाली आले. सत्तरीचे, पांढरं धोतर, बोलायला मवाळ. मित्राच्या लग्नाच्या गर्दीत मी त्यांना लांबून पाहिलं होतं, त्यांनी मला ओळखलं नाही.

"पोट भरलं काय, मिस्त्री?"

"हो जी."

"तुया हात चांगला हाये म्हणते पुतण्या. आमच्या पंपाचा स्टार्टर दोन दिवसापासून धरून नाई राहिला. पाहतोस काय?"

आपण कामाला नाही म्हणू शकतो, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. विहिरीवर गेलो. स्टार्टरच्या एका कॉन्टॅक्टवर काजळी धरली होती. कानशीनं घासली, स्क्रू आवळले, बटण दाबलं. पाणी आलं. काका खूश झाले. मित्र थोडा मागे उभा होता.

"कोणत्या गावचा तू?" काकांनी विचारलं.

"कुडव्याचा."

"कुडव्यात कोणाचा?"

आमच्याकडे या प्रश्नाचा अर्थ लहान पोरालाही कळतो. मी मित्राकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्या वडिलांचं नाव, आडनाव, तीन शब्द होते फक्त. वडिलांनी ते नाव सरळ मानेनं लावलं आणि आम्हालाही तसंच लावायला शिकवलं. मी ते तीन शब्द उच्चारले नाहीत. खाली वाकून पाने पेटीत भरत राहिलो.

"काका, चला ना, पाहुणे थांबले हायेत," मित्र म्हणाला आणि त्यांना घेऊन गेला.

मी पेटी उचलली आणि मागच्या वाटेनं रस्त्याला लागलो. मित्राला ते दिसलं असावं, तो फाटकापर्यंत धावत आला.

"कुठं जाऊन राहिला बे? संध्याकाळी संगंच जाऊ ना."

"मी एसटीनं जातो."

"पेटी त गाडीत ठेव. जड हाये."

"माझी हाये," मी म्हणालो.

मुख्य रस्त्यापर्यंत चालत, तिथून ऑटोनं अर्जुनी, तिथून एसटी. घरी पोचलो तेव्हा बायको अंगणातले कपडे काढत होती.

"काऊन जी, एकटेच? गाडी कुठं हाये?"

"तिकडंच हाये. त्याले थांबायचं होतं."

"जेवण झालं?"

"झालं. चांगलं होतं."

खरं सांगायला मला पंधरा दिवस लागले. तोवर ग्रुपवरचे फोटो तिनं कुणाच्या तरी फोनवर पाहिले होते. त्यातल्या एकात मी चिखलात वाकलेला होतो आणि खाली हिंदीत मिस्त्रीच्या कमालीबद्दल काहीतरी लिहिलं होतं. तिनं विचारलं, मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, मित्राला शिव्या देईल. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि एकच विचारलं.

"ते त समजलं जी. पण तुम्ही तिथं जेवले कायले?"

रविवारी मिलला जाणं मी बंद केलं. त्याचे फोन आले, मी कामाचं निमित्त सांगत राहिलो. होळीच्या आधी एका संध्याकाळी तो जीप घेऊन घरीच आला. बायकोनं चहा दिला आणि आत गेली, पण दार उघडं ठेवलं.

"एवढ्याशा गोष्टीवरून यार?" तो म्हणाला. "मी तुयासाठीच केलं. काका काही बोलले असते, तुले लागलं असतं. मी ते होऊ नाई दिलं."

"बोलले असते तर तू कोणाकडून उभा राहिला असता?"

त्यानं कप खाली ठेवला. खोटं बोलला नाही, एवढं श्रेय त्याला देतो. "कोणाकडून" याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं.

मग त्यानं जीपची चावी टीपॉयवर ठेवली. "गाडी तू ठेव. पूर्ण. कागद मी तुया नावावर करून देतो. बनवली त तूच हाये."

मला ती गाडी हवी होती. किती हवी होती ते शब्दांत सांगता यायचं नाही. तिचा एकेक नट मला ठाऊक होता. बाहेर ती फाटकाशी उभी होती आणि खिडकीतून तिचं बोनेट दिसत होतं. पण चावी उचलली तर त्या दिवसाचा हिशेब मिटला असं त्याला वाटेल, हे मला दिसत होतं. हलक्या मनानं तो पायऱ्या उतरेल आणि पुढच्या रविवारी फोन करेल, काय करून राहिला बे.

"नको," मी म्हणालो.

तो चावी घेऊन उठला. दारात थांबला, आत बायकोला म्हणाला, "वहिनी, येतो." ती बाहेर आली नाही.

उन्हाळ्यात त्यानं ती जीप विकली, असं मिलच्या एका माणसाकडून कळलं. आता त्याच्याकडे नवी गाडी आहे म्हणे, कंपनीतूनच सगळं लावून आलेली. बाजारात कधी समोरासमोर आलो तर तो हात करतो, मीही करतो. मुलांची चौकशी होते. दोघंही थांबत नाही.

बायकोला मी एकदा विचारलं, चावी नको म्हणालो ते बरोबर केलं ना. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी घ्यायची होती जी. नाई म्हणायचं ते त्या दिवशी जेवणाले म्हणायचं होतं."